आडवाटेने जायचे असेल, तर ‘चुकलो’ हा शब्द वेळेवर म्हणता यायला हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या दोन वर्षांत तुम्ही ट्रेक नेणाऱ्या मंडळींबरोबर आठ-दहा किल्ले केले, कळसूबाई केले, राजमाची केली. आता शनिवार-रविवारच्या गर्दीचा कंटाळा आला आहे. तुम्ही आणि तुमचे तीन मित्र मिळून आधी राजगड ते तोरणा आणि पुढे जमल्यास नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, असे ट्रेक स्वतःच्या जबाबदारीवर करू इच्छिता. आईचा विरोध आहे, मित्रांपैकी एकाचा उत्साह मावळला आहे, आणि सोबत काय काय घ्यावे याची यादी तुम्हाला हवी आहे. मी गेली एकतीस वर्षे सह्याद्रीत हिंडतो आहे. त्यातली वीस वर्षे इतरांना घेऊन गेलो आहे आणि अडकलेल्यांना खाली आणण्याच्या कामात अनेकदा हातभार लावला आहे. सामानाबद्दल लिहीनच, परंतु सामान पूर्ण असतानाही माणसे अडकतात, आणि ती का अडकतात हे आधी सांगितल्याशिवाय यादीला अर्थ उरणार नाही. म्हणून सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. ती चूक नेमकी तुम्ही निवडलेल्या राजगड-तोरणा वाटेवर झाली होती.

ऑक्टोबर संपत आला होता. आम्ही पाच जण होतो आणि वाट आधी एकदा केलेली असल्यामुळे पुढारीपण माझ्याकडे होते. राजगडाच्या पद्मावती माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर, रात्री गप्पा रंगल्या, सकाळी उठायला उशीर झाला, आणि अळू दरवाजातून बाहेर पडेपर्यंत साडेदहा वाजले. जी डोंगरधार राजगडाला तोरण्याशी जोडते, ती एका खिंडीत रस्त्याने ओलांडली जाते. त्या खिंडीत आम्ही दीड वाजता पोहोचलो. पुढे चढण, मग रान आणि पुन्हा उघडी धार, असा तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतचा टप्पा आमच्या चालीने निदान साडेतीन-चार तासांचा होता. रान संपल्यावर धारेच्या डाव्या अंगाने एक सपाट, सोयीची वाट दिसली. पायांना सोपी वाटली म्हणून मी तिच्यावर वळलो. अर्धा तास चालल्यावर सर्वांत मागे असलेला मित्र म्हणाला, ‘‘दादा, मोजे बघा.’’ सगळ्यांचे मोजे आणि पँटचे पाय कुसळांनी गच्च भरले होते. पावसाळ्यानंतर गवत वाळते तेव्हा ज्या वाटेवरून माणसांची रोजची ये-जा असते, तिथली कुसळे आधीच झडून गेलेली असतात. मोजे असे भरतात, याचा अर्थ त्या हंगामात त्या वाटेने आपल्याआधी कोणी गेलेले नसते. त्या मित्राला हे कळले होते आणि त्याने ते वेळेवर सांगितलेही होते. मी म्हणालो, ‘‘अजून थोडे पुढे बघू, वाट वर चढेलच.’’

वाट वर चढली नाही. ती गुरांची वाट होती. एका पाणवठ्यापाशी ती संपली आणि पाणवठा आटलेला होता. तरीही परत फिरण्याऐवजी आम्ही सरळ वर धारेकडे घुसण्याचा प्रयत्न केला. मुरमाड उतारावर एकाचा पाय घसरला, घोटा मुरगळला, आणि पावणेसहाला अंधारू लागले. खाली दूरवर गावातले दिवे दिसत होते आणि आमच्या शेजारी एक कोरडा ओढा सरळ त्या दिव्यांच्या दिशेने उतरत होता. ओढ्याने उतरावे असे चौघांना वाटत होते आणि त्या चौघांत मीही होतो. पाचव्याने, त्याच मोजे दाखवणाऱ्या मित्राने, पाठीवरची सॅक खाली ठेवली आणि तो बसला. ‘‘मी इथून सकाळीच उठणार,’’ एवढेच तो म्हणाला. आम्ही ती रात्र एका कातळाच्या आडोशाला, पाच जणांत पाऊण लिटर पाण्यावर काढली. सकाळी गुरे घेऊन आलेल्या एका धनगर मामांनी आम्हाला धारेवर आणून सोडले. जाता जाता त्यांनी तो ओढा दाखवला. आम्ही बसलो होतो तिथून दोनशे पावलांवर तो कड्यावरून खाली पडत होता.

त्या एका संध्याकाळी सह्याद्रीतल्या अपघातांचा जवळजवळ सगळा घटनाक्रम आम्ही पार पाडला होता: उशिरा निघणे, सोपी दिसली म्हणून वाट सोडणे, चुकल्याची खूण दिसूनही ती मान्य न करणे, मागे फिरण्याऐवजी नवा मार्ग काढू पाहणे, आणि अंधारात उतरण्याचा मोह. यातल्या कुठल्याही पायरीवर ‘चुकलो, मागे फिरू’ असे मी म्हणालो असतो, तर पुढची पायरी आलीच नसती. नंतरच्या वर्षांत ज्यांना खाली आणले त्यांच्याशी बोलताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. शंका बहुतेकांना तास-दोन तास आधीच आलेली असते. तुम्हाला काही शिकायचे असेल तर आधी ही शंका मोठ्याने बोलून दाखवायला शिका, आणि चौघांत असा नियम करा की कोणा एकालाही शंका आली की सगळ्यांनी थांबायचे. नकाशा, होकायंत्र, मोबाईल हे त्यानंतरचे.

ओढ्याबद्दल अधिक लिहिणे भाग आहे, कारण ‘पाण्याच्या मागे गेले की गाव लागते’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. सपाट मुलखात ते खरे असेल. सह्याद्रीत तो समज जिवावर बेततो. हे डोंगर लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाले आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्याचा उतार किंवा पदर होतो. त्यामुळे वरून पाहताना एक सलग उतार दिसतो, पण प्रत्यक्षात तो पायऱ्यांसारखा असतो, आणि एका पायरीची उंची वीस फूट आहे की दोनशे, हे कड्याच्या टोकावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पाणी त्या पायऱ्यांवरून धबधब्याने पडते. माणसाला तसे उतरता येत नाही. जुन्या वाटा ओढ्याने न जाता सोंडेने, धारेने किंवा एखाद्या नेमक्या नाळेने (कड्यांमधल्या अरुंद, चढत्या घळीने) का जातात, याचे कारण हेच आहे. म्हणून वाट चुकली तर शेवटची खात्रीची जागा आठवून त्याच पावलांनी तिथपर्यंत मागे जा. ते शक्य नसेल तर धारेकडे किंवा मोकळवनात या, म्हणजे दिशा दिसते, आवाज पोहोचतो आणि मोबाईलला रेंज मिळण्याची शक्यताही वाढते. अंधार पडला असेल तर आहात तिथेच बसा. सह्याद्रीतली हिवाळ्याची एक रात्र बहुतेक निरोगी माणसांना त्रास देऊन सोडून देते, अंधारातली एक चुकीची पावलटाक मात्र सोडत नाही.

मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक ओळखणे हे पुस्तकातून येत नाही, तरी काही खुणा सांगतो. माणसांची वाट कुठेतरी जायची असते, म्हणून ती चढ चुकवत नाही. गुरांची वाट चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जाते, म्हणून ती उताराला आडवी राहते आणि थोड्याथोड्या अंतरावर फुटत जाते. माणसांच्या वाटेवर कातळ आला की तो पावलांनी गुळगुळीत झालेला असतो, आडव्या आलेल्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात, आणि अवघड ठिकाणी कुणीतरी एखादा दगड पायरीसारखा बसवलेला असतो. गुरांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला फांद्या तशाच असतात, कारण गुरांना त्या लागत नाहीत. ही शेवटची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. पाठीवर मोठी सॅक असताना ती सारखी फांद्यांत अडकू लागली की मी थांबतो. रंगाने काढलेले बाण आणि रचलेले दगड यांचा उपयोग होतो, मात्र ते कोणी आणि कुठे जायला काढले हे तुम्हाला ठाऊक नसते, तेव्हा त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. मोबाईलमध्ये आधी कुणी चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद अवश्य उतरवून घ्या आणि तो नकाशा नेटवर्कशिवाय उघडतो का, हे घरीच तपासा. मात्र उंच कड्यांच्या पोटात किंवा घळीत उपग्रहांचे संदेश नीट मिळत नाहीत. पडद्यावर तुम्ही वाटेवर दिसता आणि पायाखाली वाट नसते, असे मी पाहिले आहे. अशा वेळी पायांवर विश्वास ठेवा.

पायथ्याच्या गावात वाट विचारणे हेही एक कौशल्य आहे. ‘‘मामा, तोरण्याला हीच वाट जाते ना?’’ असे विचारले तर पाहुण्याला नाही कशाला म्हणायचे, म्हणून मामा बहुधा ‘‘जाते की’’ म्हणतात. कारण कुठली ना कुठली वाट शेवटी तिथे जातेच. त्याऐवजी ‘‘मामा, तोरण्याला कसे जायचे? मध्ये काय काय लागते?’’ असे विचारा आणि ते बोलू लागले की मध्ये तोडू नका. आंब्याचे झाड, शेंदूर लावलेला दगड, सुकलेला ओढा, दोन वाटा फुटतात ती जागा, अशी एकेक खूण ते सांगतात. ती कागदावर उतरवून घ्या. ‘अर्ध्या तासाची वाट’ म्हणजे त्यांचा अर्धा तास, हे लक्षात ठेवून तुमच्यासाठी तो किमान दुप्पट धरा. आणि अनोळखी, रानातली वाट असेल तर गावातला वाटाड्या घ्या, त्याला योग्य मोबदला द्या, आणि तो देताना घासाघीस करू नका. तुमच्या शहरातल्या एका जेवणाच्या खर्चात तो तुम्हाला आयुष्यभराची माहिती देतो.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला होता: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा नियम सरावलेल्या, हलके सामान घेतलेल्या माणसासाठी आहे. आपल्याकडची घसाऱ्याची, म्हणजे पायाखाली सुटी माती-खडी सरकणारी वाट, उष्णता आणि पाठीवरचे पाणी लक्षात घेता नव्या गटाने तासाला तीनशे मीटरच चढाई धरावी आणि थांबे वेगळे मोजावेत, असे मी सुचवतो. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर आहे, पण ती उंची एका दमात चढायची नसून राजगडावरून खाली खिंडीत उतरून पुन्हा चढायची आहे, आणि दमवणारा भाग तोच आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीच्या पोटात त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच काळोख होतो. म्हणून निघण्यापूर्वी कागदावर दोन वेळा लिहा: किती वाजता निघायचे, आणि किती वाजता जिथे असू तिथून माघारी फिरायचे. दुसरी वेळ घरी बसून ठरवा. डोंगरावर ती ठरवू नये, कारण तिथे समोर शिखर दिसत असते, सुट्टी घेतलेली असते, गाडीभाडे भरलेले असते, आणि या सगळ्या गोष्टी तुमच्या कानात ‘अजून थोडेच’ असे सांगत असतात.

पावसाळ्याबद्दल माझे मत अनेकांना कठोर वाटते. जून ते सप्टेंबर या काळात नव्या गटाने अनोळखी वाटेवर जाऊ नये. हिरवा डोंगर पाहण्याची ओढ मी समजू शकतो, मलाही ती आहे, परंतु त्या दिवसांत सह्याद्रीत एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात. धुक्यामुळे दहा पावलांपुढचे दिसत नाही, शेवाळामुळे ओळखीचा कातळही परका होतो, आणि ओढे तासाभरात रूप पालटतात. तुमच्या डोक्यावर ऊन असताना माथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने आणि काटक्या वाहू लागल्या किंवा वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर क्षणाचाही विलंब न लावता काठ चढून वर जा. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला पाडते. ओलांडणे अपरिहार्यच असेल तर सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे आधी सोडा, म्हणजे पडल्यास ती झटकून टाकता येईल. परंतु बहुतेक वेळा योग्य उपाय थांबणे हाच असतो. आपले ओढे लांबीला आखूड असतात, पाऊस उघडला की काही तासांत पाणी उतरते. धबधब्याखाली उभे राहण्याचा मोह टाळा, कारण पाण्याबरोबर वरून दगडही येतात. जोरदार पाऊस सलग पडत असेल तर उतारांचा भरवसा धरू नये. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ज्यांचे उभे आयुष्य त्या उतारावर गेले, त्यांनाही डोंगराने सावध होण्याची संधी दिली नाही. प्रशासनाने एखाद्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी घातली असेल तर ती पाळा. आडवाटेने चुकवून जाणाऱ्यांना काढायला अखेर त्या गावचीच मुले पुराच्या पाण्यात उतरतात.

भिजलेल्या माणसाला वाऱ्यात थंडी भरते, आणि त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर जुलै-ऑगस्टमध्ये, तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतानाही, तासन् तास भिजलेला आणि उपाशी माणूस धोकादायक अवस्थेला जाऊ शकतो. आधी तो थरथरतो, मग त्याची बोटे ऐकेनाशी होतात, बोलणे अडखळते, आणि शेवटी तो ‘मला बरे वाटते, मी इथेच बसतो’ असे म्हणू लागतो. हे शेवटचे वाक्य ऐकले की घाबरायला हवे. ओले कपडे काढून कोरडे घालणे, वाऱ्यापासून आडोसा, दोन माणसांमध्ये त्याला बसवणे आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी, हा त्यावरचा उपाय आहे. म्हणून सॅकमध्ये एक जोडी कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी आणि ती मुक्काम येईपर्यंत कुठल्याही कारणाने काढू नये. मार्च ते मेमध्ये उलटे होते. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांचे पाणी आटते, उघड्या कातळावरची धग सहन होत नाही. डोके दुखणे, मळमळ आणि गोंधळल्यासारखे बोलणे दिसले की सावलीत निजवून अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि ट्रेक तिथेच संपवावा. माणशी तीन लिटर पाणी हिवाळ्यासाठी पुरते, उन्हाळ्यात चार लिटरही कमी पडते. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मापात चूक करायची वेळ आलीच तर मीठ कमी पडलेले बरे, जास्त नको. टाक्यातले पाणी फडक्यातून गाळून त्यात क्लोरीनची गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबावे.

नळीच्या वाटेबद्दल तुम्ही विशेष विचारले आहे. बेलपाड्याहून सुरू होणारी ही नाळ हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या कुशीतून वर जाते आणि माझ्या मते सह्याद्रीतल्या सर्वांत देखण्या वाटांपैकी ती एक आहे. तिथला खरा धोका कातळटप्प्यांचा नसून सुट्या दगडांचा आहे. संपूर्ण नाळ घसाऱ्याने आणि धोंड्यांनी भरलेली आहे. वरच्याच्या पावलाखालचा नारळाएवढा दगड सुटला, तर खालच्यापर्यंत येईतो त्याचा वेग जीवघेणा झालेला असतो. तिथे शिरस्त्राण हवेच. गटाने एकमेकांच्या अगदी जवळ चालावे, म्हणजे दगडाला वेग घ्यायला जागा मिळत नाही, किंवा अवघड जागी एकाने पूर्ण वर जाईपर्यंत बाकीच्यांनी बाजूच्या आडोशाला थांबावे. दगड सुटला की लाजू नका, जिवाच्या आकांताने ‘‘दगड!’’ असे ओरडा. कातळटप्प्यांवर दोर लागतो, आणि दोर बरोबर असणे व तो नीट लावता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यापैकी कुणालाही अजून दोर बांधता येत नसेल, तर पहिल्यांदा त्या वाटेने जाऊन आलेल्या आणि दोरीचे काम शिकलेल्या माणसाबरोबर जा. तोवर खिरेश्वरहून टोलारखिंडीने चढा आणि पाचनईकडे उतरा. त्यातही हरिश्चंद्रगड पुरेसा कळतो. कोकणकड्यावर पोहोचलात की कड्याच्या टोकाशी उभे राहू नका. पालथे पडून, कोपरांवर सरकत खाली पाहायची जी जुनी रीत आहे तीच पाळा. तिथला वारा कधी खालून वर येतो आणि कधी एकदम थांबतो. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये याच कड्यावर मृत्यू झाला. सह्याद्रीचे कडे त्यांच्याइतके जवळून जाणणारी माणसे थोडी होती. ही आठवण तुम्हाला घाबरवण्यासाठी काढलेली नाही. त्या जागेपाशी आम्ही सगळेच आता आवाज खाली आणतो.

आग्या मोहोळाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, म्हणून सांगतो. किल्ल्यांच्या दरवाजांवर आणि कड्यांच्या कपारींत ही पोळी असतात. शेकोटीचा धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा किंवा फेकलेला दगड यांनी माश्या उठतात. उठल्याच तर तोंड-नाक कापडाने झाकून दाट झुडपात किंवा बंद जागेत शिरा, हात झटकत उभे राहू नका आणि कड्याच्या दिशेने पळू नका. अंगात रुतलेल्या नांग्या नखाने खरवडून लगेच काढाव्यात. श्वास लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर ती तातडीची अवस्था आहे. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे पूर्णपणे टाळावे. अंगठी-कडे काढावे, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करावा, चालवू नये आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. विंचवाबाबत कोकणातल्या वाचकांना आठवत असेल की लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कितीतरी जण दगावत, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर ते चित्र बदलले. रात्रभर बाहेर राहिलेला बूट सकाळी झटकल्याशिवाय घालायचा नाही, ही सवय एवढ्यासाठीच लावायची.

अपघात झालाच तर मदत कशी येते, याची कल्पना असू द्या. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्थानिक संस्था आणि गिर्यारोहकांचे समन्वय केंद्र स्वयंसेवकांच्या बळावर चालते. ही माणसे आपापली नोकरी-धंदा सोडून येतात, पायथ्यापर्यंत गाडीने आणि पुढे तुमच्यासारखीच पायी. जखमी माणसाला स्ट्रेचरवरून अरुंद वाटेने उतरवायला आलटून-पालटून खांदा देणारी पंधरा-वीस माणसे लागतात. म्हणजे फोन लागल्यापासूनचे पहिले सहा-आठ तास तुम्हीच तुमचे डॉक्टर आणि तुम्हीच तुमचे राखणदार असता. म्हणूनच चौघांचा गट मला योग्य वाटतो: एक जखमी, एक त्याच्यापाशी, दोघे मदतीला. आपत्तीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात असू द्या, आणि ज्या भागात जाणार तिथल्या बचाव संस्थेचा क्रमांक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या, कारण बंद पडलेल्या मोबाईलमधला क्रमांक कामाचा नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, हा गिर्यारोहकांनी मानलेला संकटाचा इशारा आहे. याशिवाय प्रत्येकी एक कपाळावर लावायची बॅटरी आणि जादा सेल, चार्ज केलेली पॉवर बँक, क्रेप बँडेज, रोजची औषधे, काडेपेटी, एक पातळ ताडपत्री आणि एका जेवणापुरते जादा खाणे एवढे असेल, तर तुमची यादी पुरी झाली.

तुमच्या मित्राचा उत्साह का मावळला असेल, याचा मी विचार केला. आठ-दहा किल्ले पटापट ‘सर’ झाले की पुढच्या किल्ल्यात नवे काय, असे वाटू लागते. मलाही पाचव्या-सहाव्या वर्षी तसे झाले होते. त्यातून मला बाहेर काढले ते घाटवाटांनी. नाणेघाटात सातवाहनांच्या काळचा ब्राह्मी शिलालेख आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे, आणि दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवरून माल याच उतारावरून कोकणातून देशावर चढत होता, हे तिथे चढताना गुडघ्यांना समजते. असे घाट सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत आणि त्यांतले अनेक आजही बाजाराला, लग्नाला, देवाला जाणारी माणसे वापरतात. एकच वाट निवडून वर्षातून चार वेळा, चार हंगामांत जा. सात वर्षांनी फुलणारी कारवी एखाद्या वर्षी तुमच्या वाटेवर फुलेल; तोवर तिच्याच काठ्यांनी विणलेल्या कुडाच्या भिंती तुम्ही पायथ्याच्या घरांत पाहिलेल्या असतील. कोकणकड्यावर पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुके असताना इंद्रवज्र दिसते, म्हणजे सप्तरंगी वर्तुळ आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. मला ते एकतीस वर्षांत तीनदा दिसले. जी वाट आपण ओळखतो, तिच्यावर आपण सुरक्षितही असतो. माझ्या अनुभवात ओढ आणि सावधपणा या दोन्ही गोष्टी अशा ओळखीतूनच वाढत गेल्या.

आईच्या विरोधाचे उत्तर ‘काही होत नाही गं’ हे नाही. त्यांच्यासमोर बसून एक कागद लिहा: कोण कोण जाणार, त्यांच्या घरचे क्रमांक, कुठल्या गावातून चढणार, कुठल्या गावात उतरणार, पायथ्याला कुणाकडे जेवणार, आणि रविवारी रात्री किती वाजेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्यांनी कुणाला कळवायचे. तो कागद त्यांच्या हातात द्या आणि ठरल्या वेळी फोन करा. माझी आई असा कागद देवघरात ठेवत असे आणि मी परत आलो की फाडत असे. ती गेली तेव्हा तिथे मला न फाडलेला एक कागद सापडला. तोरण्याच्या त्या रात्रीचा.

राजगड-तोरण्यासाठी तुम्ही डिसेंबरातला शनिवार धरा. शुक्रवारी रात्री पाली किंवा गुंजवण्यात मुक्काम, शनिवारी गड पाहून पद्मावती माचीवर मुक्काम, आणि रविवारी सकाळी साडेसहाला, उजाडता उजाडता गड सोडा. प्रत्येकाच्या बाटल्या माचीवरच भरून घ्या, धारेवर भरवशाचे पाणी नाही. खिंडीत रस्त्यावर आलात की सॅक उतरवा, काहीतरी खा आणि घड्याळ पाहा. अकराच्या आत असाल तर पुढे चढा, आणि रान संपल्यावर डावीकडे सपाट वाट खुणावेल तेव्हा तिच्याकडे न जाता धार धरून राहा. तोरण्याचा रडतोंडी बुरूज आणि त्यामागे बुधल्याचा सुळका दिसू लागला की तुम्ही बरोबर आहात. अकरा वाजून गेले असतील, किंवा चौघांपैकी एकाचेही पाय बोलत असतील, तर त्याच रस्त्याने वेल्ह्याच्या बाजूला उतरा. जीप मिळते, नाही मिळाली तर मार्गासनीच्या रस्त्यापर्यंत चालत जा. तोरणा वेल्ह्यातून समोरच दिसतो.